यंत्राच्या पोटातली नोकरी : मुलाखतीत नेमके काय विचारतात?

घरातल्या वॉशिंग मशीनला पाणी कधी थांबवायचे हे कळते. लिफ्ट बरोबर मजल्याच्या पातळीला थांबते. मोटारीची एअरबॅग धडकेच्या क्षणी उघडते, एरवी खड्ड्यातून गाडी आदळली तरी मिटलेली राहते. मनगटावरचे घड्याळ नाडीचे ठोके मोजते. या प्रत्येक वस्तूच्या पोटात एक छोटी चिप असते आणि त्या चिपमध्ये कोणीतरी लिहिलेला प्रोग्राम असतो. अशा प्रोग्रामला 'एम्बेडेड सॉफ्टवेअर' म्हणतात, आणि तो लिहिणाऱ्याला एम्बेडेड इंजिनिअर.

आपल्या घरांत सॉफ्टवेअर म्हटले की वेबसाइट, मोबाइलचे अॅप किंवा बँकेचे काम डोळ्यांसमोर येते. 'मुलगी इलेक्ट्रॉनिक्सला आहे सर, तिला सॉफ्टवेअरवाले कशाला घेतील?' असे पालक आम्हाला विचारतात. खरे तर हे काम त्याच मुलामुलींचे आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्येच बंगळुरूत आपले केंद्र उघडले. त्यानंतर क्वालकॉम, इंटेल, सॅमसंग, बॉश अशा कंपन्यांची मोठी केंद्रे बंगळुरू, हैदराबाद आणि इतर शहरांत आली. पुण्यात तर मोटारींच्या सॉफ्टवेअरवरच केपीआयटीसारखी कंपनी उभी राहिली. काम आहे. अडचण मुलाखतीच्या दारात येते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहीत आहोत. आमच्या हाताखालून गेलेल्या काही विद्यार्थ्यांनी, जे आज हे काम करतात, आम्हाला जे सांगितले ते आणि आम्ही स्वतः वाचून समजून घेतले ते येथे एकत्र मांडले आहे.

मोठ्या कंपनीत मुलाखत एका दिवसात उरकत नाही. आधी अर्ज चाळले जातात. मग कंपनीच्या भरती विभागातून फोन येतो. त्यानंतर एक ऑनलाइन परीक्षा किंवा पाऊण ते एक तासाची तांत्रिक मुलाखत असते, जिच्यात समोरचा इंजिनिअर बघत असताना संगणकावर प्रोग्राम लिहायचा असतो. त्यातून पुढे गेलेल्यांच्या सलग चार-पाच मुलाखती होतात, प्रत्येक वेळी माणूस वेगळा. अॅमेझॉनमध्ये त्यांतला एक जण मुद्दाम दुसऱ्या विभागातला असतो, म्हणजे 'जागा लवकर भरायची आहे' या घाईचा त्याच्यावर दबाव राहत नाही. गूगलमध्ये मुलाखत घेणारे आपापले मत लिहून देतात आणि निर्णय समितीपुढे जातो. अलीकडे ऑनलाइन मुलाखतीत चोरून मदत घेण्याचे प्रकार वाढल्याने काही कंपन्यांनी एखादी फेरी समोरासमोर घ्यायला पुन्हा सुरुवात केली आहे.

आता मुख्य गोष्ट, प्रश्न. पालकांचा समज असा की अशा कंपनीत फार अवघड, कधी न ऐकलेले काहीतरी विचारत असणार. प्रत्यक्षात बरेचसे प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातले असतात. भाषा बहुधा 'सी', जी डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये तयार केली. म्हणजे मुलाखत देणाऱ्या मुलीच्या वडिलांच्या वयाची, कदाचित त्यांच्याहून थोडी मोठीच! चिपमध्ये मेमरी थोडी, वीज मोजकी, वेळ बांधलेला. अशा जागी ही जुनी भाषा अजून टिकून आहे.

एक नेहमीचा प्रश्न घ्या. संगणक प्रत्येक संख्या ० आणि १ मध्ये लिहितो. एखादी संख्या दिली तर तिच्यात १ किती वेळा येतो ते मोज. सरळ उत्तर म्हणजे एकेक घर तपासत जाणे. ते चुकीचे नाही. पण एक सुंदर युक्ती आहे, आणि ती फळ्यावर मांडली तर आठवीतल्या मुलालाही समजते. १२ ही संख्या संगणकाच्या लिपीत ११००. तिच्यातून एक वजा केला की ११, म्हणजे १०११. आता दोन्हीत जिथे १ आहे तिथेच १ ठेवा, बाकी शून्य. उरते १०००, म्हणजे ८. पुन्हा तेच करा. ८ मधून एक गेला, ७ म्हणजे ०१११. दोन्हीत सामाईक १ एकही नाही, उरले शून्य. दोन फेऱ्या झाल्या, म्हणून १२ मध्ये १ हा दोन वेळा आहे. दर फेरीला उजवीकडचा शेवटचा १ पुसला जातो. ही युक्ती पाठ असणारी मुले पुष्कळ. मुलाखत घेणारा पुढे विचारतो, 'एक वजा केल्यावर नेमका शेवटचाच १ का जातो?' पाठांतर तिथे थांबते. हातच्याची वजाबाकी ज्याला मनापासून समजली आहे, तो सांगतो.

दुसरा प्रश्न तर आपल्या मराठी मुलांना घरच्यासारखा वाटायला हवा. मोठी संख्या मेमरीत ठेवताना तिचे तुकडे करावे लागतात. १२ ३४ ५६ ७८ असे चार तुकडे असतील तर पहिल्या खणात कोणता ठेवायचा? काही यंत्रे मोठ्या किमतीचा तुकडा, म्हणजे १२, आधी ठेवतात. आजचे बहुतेक संगणक आणि फोन लहान किमतीचा, म्हणजे ७८, आधी ठेवतात. इंटरनेटवरून संख्या पाठवण्याचा नियम मात्र मोठा तुकडा आधी असा आहे. त्यामुळे एका यंत्राने पाठवलेली संख्या दुसऱ्याने उलटी वाचली असे घडू शकते. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी बोलतो आणि वीस नंतर; लिहिताना मात्र दोन आधी, पाच नंतर. अरबीतही 'खमसा व इशरून', पाच आणि वीस. इंग्रजी आधी वीस म्हणते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस दोन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, तो वाद याच क्रमाचा होता. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचता वाचता मध्येच संख्या डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या मुलांना हा प्रश्न अवघड जाण्याचे कारण नाही. कोणीतरी दुवा जोडून द्यायला हवा एवढेच.

तिसरा प्रश्न हमखास येतो : 'व्होलटाइल' या शब्दाचा उपयोग काय? परीक्षेला बसलेला एक मुलगा कल्पनेत आणा. त्याने अकरा वाजता भिंतीवरचे घड्याळ पाहिले आणि मनात ठरवून टाकले, 'अकरा वाजलेत'. नंतर जेव्हा जेव्हा वेळेचा विचार आला तेव्हा वर न पाहता मनातलेच 'अकरा' तो वापरत राहिला. वेळ संपली तरी त्याच्या लेखी अकराच. आपला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर असाच वेळ वाचवू पाहतो. एखादी किंमत या ओळींत बदलत नाही असे दिसले की ती एकदाच वाचतो आणि जवळ ठेवतो. पण एम्बेडेड कामात ती किंमत बाहेरून बदलते. कोणी बटण दाबले, सेन्सरने खूण केली, चालू काम थांबवून दुसरे काम मध्ये आले. म्हणून कंपायलरला बजावून ठेवावे लागते की हे घड्याळ दर वेळी वर मान करून पाहा. येथवरचे उत्तर शिकवणीवर्गात मिळते. खरा प्रश्न पुढचा असतो : 'हा शब्द लावला म्हणजे दोन कामांनी एकाच वेळी ती किंमत बदलली तरी गोंधळ होणार नाही का?' उत्तर आहे, होईल. घड्याळ पाहणे आणि दोघांनी एकाच वेळी काटे फिरवणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

काही प्रश्नांना एकच ठरलेले उत्तर नसते. 'आमचे यंत्र सुमारे पन्नास दिवस सलग चालले की अडकते. बंद करून चालू केले की ठीक. तू शोध कुठून सुरू करशील?' घाबरलेला उमेदवार म्हणतो, हार्डवेअर बिघडले असेल. शांत उमेदवार हिशेब करतो. ३२ बिटांच्या मोजणीत जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी मावतात. सेकंदाचे हजार भाग करून कोणी वेळ मोजत असेल तर हा आकडा ४९.७ दिवसांत भरतो आणि मीटर पुन्हा शून्यावर येतो. ही कल्पित गोष्ट नाही. विंडोज ९५ मध्ये हाच दोष होता. बोइंग ७८७ विमानाच्या बाबतीत २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने आदेश काढला की वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिला तर जनित्रांचे नियंत्रण बंद पडू शकते. ठरावीक काळाने तो बंद करून पुन्हा चालू करा. सेकंदाच्या शंभराव्या भागाने मोजत गेले तर तेवढ्याच दिवसांत ३२ बिटांचे मीटर अर्धे भरते आणि चिन्ह धरून मोजणारा प्रोग्राम तेथे ऋण संख्येत जाऊन पडतो. ज्याने हा गुणाकार कागदावर करून पाहिला त्याला अशा प्रश्नाची भीती वाटत नाही.

आणि एक प्रसिद्ध उदाहरण मंगळावरचे. ४ जुलै १९९७ ला 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्याचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. कारण समजायला आपल्या शाळेचे कार्यालय पुरे. मुख्याध्यापकांना शिक्का हवा आहे. शिक्का शिपायाकडे आहे, तो आता आणून देणारच. इतक्यात लेखनिकाने शिपायाला झेरॉक्सला पाठवले. मुख्याध्यापक सर्वांत वरचे, पण लेखनिकाच्या कामामुळे ते शिक्क्याची वाट बघत बसले! पाथफाइंडरवर हेच घडले. हवामानाची नोंद घेणारे कमी महत्त्वाचे काम एक कुलूप धरून होते, सर्वांत महत्त्वाचे काम त्या कुलपासाठी थांबले होते आणि मधले एक काम बराच वेळ यंत्र अडवून बसले. पहारा देणाऱ्या व्यवस्थेला वाटले, सगळे ठप्प झाले, म्हणून तिने संगणक नव्याने सुरू केला. इंजिनिअरांनी पृथ्वीवर तशाच यंत्रावर तो प्रसंग पुन्हा घडवला, कारण शोधले आणि येथून सूचना पाठवून यानातली एक सोय चालू केली. ती सोय अशी : जोवर शिक्का शिपायाकडे आहे आणि मुख्याध्यापक त्यासाठी थांबलेत, तोवर शिपायाला मुख्याध्यापकांचा दर्जा; लेखनिक त्याला पाठवू शकत नाही. एम्बेडेडच्या मुलाखतीत ही गोष्ट फार विचारली जाते.

इतके सगळे लिहिण्याचे कारण एकच. या प्रश्नांत उत्तरापेक्षा वाट बघितली जाते. उमेदवार विचार कसा करतो, अडला तर काय करतो, अपुरी माहिती असेल तर विचारतो का. 'किती मेमरी आहे? किती वेळात उत्तर हवे? वीज गेली तर काय अपेक्षित आहे?' असे उलट प्रश्न विचारणारा समोरच्याला आवडतो. पूर्वी अशा कंपन्या चमत्कारिक कोडी घालत. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले की त्या कोड्यांतून माणसाबद्दल काही कळत नाही, तो वेळ फुकट जातो.

नेमके येथे आपली मुले मागे पडतात, आणि दोष त्यांच्या बुद्धीचा नाही. वर्गात गप्प बसणारे मूल शहाणे, घरात उलट प्रश्न न विचारणारे मूल संस्कारी, अशा वातावरणात वीस वर्षे काढलेल्या तरुणाला एका तासात 'मोठ्याने विचार कर' म्हणून कसे जमेल? आमची एक माजी विद्यार्थिनी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात होती, नंतर डिप्लोमा, मग डिग्री. पहिल्या मोठ्या मुलाखतीत तिला बटणाचा प्रश्न आला. बटण एकदा दाबले तरी यंत्र दोन-तीनदा मोजते, का? (आतले धातूचे टोक टेकताना काही क्षण थरथरते, म्हणून.) तिला उत्तर येत होते. पण आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवायचे, मग बोलायचे, या सवयीने ती चार मिनिटे गप्प राहिली. समोरच्या माणसाच्या लेखी त्या चार मिनिटांत काहीच घडले नाही.

पुढच्या खेपेची तयारी तिने स्वयंपाकघरात केली. अम्मी भाजी चिरत असताना ती रोज एक प्रश्न अम्मीला समजावून सांगायची, आधी घरच्या बोलीत, मग तोच इंग्रजीत. अम्मी सातवी शिकलेल्या. 'मग पुढे काय होतं गं?' एवढेच त्या विचारायच्या. आमच्या मते हजारो रुपयांच्या 'मॉक इंटरव्ह्यू'पेक्षा हा एक प्रश्न मोलाचा होता. इंग्रजी सफाईदार नसली तरी चालते. बंगळुरू-हैदराबादला मुलाखत घेणारे स्वतः तमिळ, तेलुगू, कन्नड घरांतले असतात. 'प्रश्न पुन्हा सांगाल का?' हे विचारण्यात कमीपणा नाही.

एक प्रश्न पालक हळू आवाजात विचारतात : 'सर, नाव बघूनच बाजूला टाकत असतील का?' याला भावनेने उत्तर देण्यापेक्षा अभ्यासाकडे बघावे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त ते प्रसिद्ध झाले. मुस्लिम नावांना बोलावणी स्पष्टपणे कमी आली होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दिल्ली परिसरातल्या सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटरच्या जागांसाठी ३,१६० अर्ज पाठवले गेले. त्यात मुस्लिम नावांशी भेदभाव आढळला नाही. म्हणजे भीती निराधार नाही, पण दार सगळीकडे सारखे बंदही नाही. ज्या कामात येते की नाही हे तासाभरात समोर तपासता येते, तिथे नावापलीकडे जायला जागा जास्त, असे आमचे मत आहे.

घरच्यांनी काय करावे? मुलाखत व्हिडिओवर असते तेव्हा दोन खोल्यांच्या घरात एक तास शांतता मिळणे हीच मोठी मदत. कुकर नंतर लावता येतो. पाहुण्यांना उद्या बोलावता येते. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज आणि दुसऱ्या फोनचे इंटरनेट तयार ठेवावे. घरात शक्य नसेल तर चाचांचे दुकानामागचे ऑफिसही चालते. वेळ ठरवताना कंपनी सहसा सोयीच्या वेळा विचारते; शुक्रवारी एक ते अडीच जमणार नाही असे साध्या शब्दांत कळवले तर ते वेळ बदलून देतात, कारण सांगत बसावे लागत नाही.

पैशाबद्दल मात्र कडक राहा. कोणतीही नामांकित कंपनी मुलाखतीसाठी, लॅपटॉपसाठी किंवा 'अनामत' म्हणून उमेदवाराकडून पैसे घेत नाही. असा मेल आला तर तो फसवणुकीचा समजा. दोन वर्षांचा खोटा अनुभव कागदावर दाखवून देणारी दुकानेही शहरोशहरी आहेत. नोकरी देण्यापूर्वी कंपन्या जुन्या मालकाकडे आणि भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींत तपास करतात. पकडले गेले की हाती आलेली नोकरी जाते. ज्या बापाने त्यासाठी कर्ज काढले त्याचे हाल आम्ही पाहिले आहेत.

त्याऐवजी काही शे रुपयांचा अर्डुइनो किंवा ईएसपी३२ बोर्ड घ्यावा. दिवा लुकलुकवण्यापासून सुरुवात करून पाण्याच्या टाकीचा गजर, खोलीचे तापमान मोजणारे यंत्र, असे काहीतरी स्वतः बांधावे. 'तू काय केलेस, काय बिघडले, कसे शोधलेस' या प्रश्नावर अशा यंत्राची खरी कहाणी सांगता आली तर अर्धी मुलाखत तिथेच रंगते. मित्राकडून उचललेला प्रोजेक्ट तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. पदवीनंतर शिस्तीत शिकायचे असेल तर पुण्याच्या सी-डॅकची एम्बेडेड सिस्टिम डिझाइनची पदविका आहे. सुमारे सहा महिन्यांचा हा अभ्यासक्रम असून सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

नकार येतो, बहुतेकांना पहिल्यांदा येतोच, आणि कारण सहसा सांगत नाहीत. अनेक कंपन्यांत सहा महिने ते वर्षभराने पुन्हा अर्ज करता येतो. त्या काळात 'काय झालं तुझ्या कंपनीचं?' हे प्रत्येक लग्नात विचारणाऱ्या नातेवाइकांना घरच्यांनीच आवरावे. विचारलेले प्रश्न त्याच रात्री वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी तीच वही सर्वांत चांगले पुस्तक ठरते.

मुलाखतीच्या शेवटी पाच मिनिटे उमेदवाराची असतात. 'तुला काही विचारायचे आहे?' आपली मुले म्हणतात, 'नो सर, थँक यू.' विचारावे. टीम कोणत्या चिपवर काम करते, चाचणी कशी होते, अमेरिकेशी बोलायला रात्री किती वाजेपर्यंत थांबावे लागते, उशीर झाला तर गाडीची सोय आहे का. मुलींच्या घरच्यांना शेवटचे दोन प्रश्न नोकरी लागल्यावर नाही, आधीच हवे असतात. स्वयंपाकघरात तयारी केलेल्या त्या मुलीने दुसऱ्या वेळी विचारले होते, 'तुमच्या टीमला शोधायला सर्वांत जास्त वेळ लागलेली चूक कोणती?' वेळ संपली होती, तरी तो इंजिनिअर खुर्ची पुढे ओढून दहा मिनिटे सांगत बसला. महिनाभर प्रोग्राम तपासून झाल्यावर ती चूक एका सैल वायरची निघाली होती.